हायवेला ट्रकचं इंजिन ओरडतं, ॲव्हरेज येत नाही: क्राउन-पिनियन बदलण्याआधी आणि बदलल्यावर काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. गाडी साठच्या पुढे गेली की इंजिन ओरडतं, टॉप गिअर टाकल्यावरही अजून एक गिअर हवा होता असं वाटत राहतं, आणि डिझेलचं गणित काही केल्या बसत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचे सगळे ७०१ किलोमीटर खुले झाले, आणि ही तक्रार आणखी कानावर यायला लागली. कारण उघड आहे. खाणीतून खडी काढायला किंवा शेतातल्या रस्त्यावरून ऊस ओढायला जी गाडी बनली, ती आता तासन्‌तास एकाच वेगाने सपाट रस्त्यावर पळवली जाते. सेकंडहँड टिपर घेऊन त्यावर मालाची बॉडी बांधली असेल तर हा त्रास हमखास होतो.

यावर "क्राउन-पिनियन बदलून टाक" हा सल्ला लगेच मिळतो. क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या एक्सलमधली एकमेकांत बसणारी दातेरी चाकं, छोटं पिनियन आणि मोठं क्राउन. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा समजून न घेता पैसे घातले, तर काही महिन्यांनी तोच मालक क्लच जळल्याची किंवा ॲव्हरेज उलट कमी झाल्याची तक्रार घेऊन परत उभा असतो.

आधी आपला रेशो शोधा

एक्सलचा रेशो म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती फेरे फिरतो तो आकडा. गाडीच्या मागच्या एक्सलच्या हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, छोटी पट्टी किंवा ठोकलेले आकडे असतात. ४१/६, ३७/६, ४१/७, ३७/७ अशा स्वरूपात क्राउनचे आणि पिनियनचे दाते त्यात सापडतात. ४१ ला ६ ने भागलं की ६.८३, ३७ ला ६ ने भागलं की ६.१७, ४१ ला ७ ने ५.८६ आणि ३७ ला ७ ने ५.२९. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त, पण तितकंच इंजिनही जास्त फिरणार.

पट्टी गंजली असेल किंवा आधीच्या मालकाने हाउसिंग बदललं असेल तर मोजून काढा. रिकामी गाडी सपाट जागेवर लावा, पुढच्या आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावा, मागच्या एकाच बाजूची चाकं उचलून एक्सलखाली स्टँड द्या. गिअर न्यूट्रलला, ब्रेकच्या टाकीत हवा भरलेली, हँडब्रेक सोडलेला. दुसऱ्या बाजूचं चाक जमिनीवर असल्यामुळे उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. उचललेलं चाक बरोबर १२ फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा दांडा) खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. ३७ आले तर ३७/६, ४१ आले तर ४१/६, आणि ३५ च्या जवळ आले तर ४१/७. स्टँडशिवाय नुसत्या जॅकवर हे काम करू नका.

आता इंजिनचा वेग काढा. १०.००-२० टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. त्यावरून कामचलाऊ सूत्र असं: किलोमीटरमधला वेग गुणिले एक्सलचा रेशो गुणिले टॉप गिअरचा रेशो गुणिले ५.२, की आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, मिळतो. टॉप गिअर थेट असेल, म्हणजे शाफ्ट इंजिनच्याच वेगाने फिरवत असेल, तर त्याचा रेशो १ धरायचा. ओव्हरड्राइव्ह असेल, म्हणजे शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरवत असेल, तर तो एकाहून कमी असतो, गिअरबॉक्सच्या माहितीपत्रकात सापडतो.

थेट टॉप गिअर आणि ६.१७ चा एक्सल असलेली गाडी ८० ला २५६५ च्या आसपास फिरते. ६.८३ असेल तर २८४० होतात, म्हणजे बऱ्याच ट्रक इंजिनांच्या मर्यादेच्याही वर, ती गाडी ८० गाठणारच नाही. ५.८६ ला २४४०, ५.२९ ला २२००. वेग ६५ धरला तर ६.१७ ला २०८५ आणि ५.२९ ला १७९०. मोठे टायर असतील तर आकडे थोडे खाली येतात, घासलेले असतील तर थोडे वर जातात.

हाच हिशोब उलटाही चालतो. मोबाइलवरच्या जीपीएसने ६० धरा, टॉप गिअरमध्ये आरपीएम बघा आणि ३१२ ने भागा, ओव्हरड्राइव्ह असेल तर टॉपच्या रेशोनेही भागा. आलेला आकडा पट्टीवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे.

जुळला नाही तर थांबा, दोष गिअरिंगचा नाही

हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि म्हणूनच फसतात. टॉप गिअरमध्ये, ठरावीक जीपीएस वेगाला, आरपीएम ठरलेलाच असतो. लोड असो वा रिकामी, चढ असो वा उतार. चढाला आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, असं दिसलं तर क्लच सरकतोय. नवीन क्राउन टाकून तो बरा होणार नाही, उलट लवकर जळेल.

नऊ गिअरच्या बॉक्समध्ये रेंज (खालच्या आणि वरच्या गिअरांचा गट) पूर्ण बदलत नसेल, तर टॉप टाकूनही तो टॉप नसतो. हवेची नळी गळणं, रेंजचा सिलिंडर अडकणं ही कारणं स्वस्तात निघतात. ओव्हरड्राइव्ह असलेली गाडी घेतली आणि ड्रायव्हर जुन्या सवयीने खालच्याच गिअरला थांबतो, हेही पाहिलं आहे. त्याच्याशेजारी बसून एक फेरी करा.

ओरडण्याचा आवाज इंजिनचा की पंख्याचा, हेही ओळखायला हवं. फॅनचा व्हिस्कस क्लच जाम झाला की पंखा सतत इंजिनच्याच वेगाने फिरतो, घोंघावतो आणि ताकदही खातो. थंड इंजिनला, बंद करून, पंखा हाताने फिरवून बघा. अगदीच दगडासारखा घट्ट असेल तर आधी तो दुरुस्त करा.

ॲव्हरेजची तक्रार असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबा आणि चाकांच्या हबजवळ लांबूनच हात नेऊन धग बघा. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक चिकटतोय. टर्बोचा फाटका होज, तुंबलेला एअर फिल्टर आणि हवा कमी असलेले टायर हे सगळं डिझेल खातं, आणि यातलं काहीही एक्सल उघडून सुटत नाही.

किती खाली आणायचा आरपीएम?

चाकाला लागणारी ताकद वेग, वजन आणि हवा ठरवतात. तीच ताकद इंजिनने २१०० वर दिली तर घर्षण, पाण्याचा पंप, ऑइलचा पंप, पंखा आणि हवा आत-बाहेर ढकलण्यात जास्त डिझेल जातं. १६०० वर दिली तर कमी. पण इंजिनचा टॉर्क जिथे पडायला लागतो त्याच्या खाली गेलात तर टर्बो पुरेशी हवा देत नाही, इंजिन दम टाकतं, जुन्या गाड्यांत काळा धूर येतो आणि तापमान चढतं. टॅकोमीटरवरचा हिरवा पट्टा बघा. ज्या वेगाला गाडी दिवसातले सगळ्यात जास्त तास चालते त्या वेगाला काटा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध हवा. काटा खालच्या टोकाला ठेवलात तर प्रत्येक उड्डाणपुलाला गिअर उतरवावा लागेल.

इथे प्रामाणिक वेग धरा. ८० धरून रेशो निवडला आणि गाडी लोडमध्ये प्रत्यक्षात ५५ ते ६० ने जात असेल, तर इंजिन सतत दमलेलं राहील.

आणि एक गोष्ट मालकांनी ड्रायव्हरला समोर बसवून सांगावी. आवाज कमी झाला की पाय नकळत खाली जातो. ६० वरून ८० वर गेलं की हवेचा विरोध पावणेदोन पटींहून जास्त होतो. रेशो बदलून वाचवलेलं डिझेल त्या वीस किलोमीटरच्या वेगात कधीच उडून जातं. वेग तोच ठेवणार असाल तरच हा खर्च करा.

घाट

६.१७ वरून ५.२९ वर आलात तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ सुमारे १४ टक्के घटते. टॉपमध्येच नाही, पहिल्यातही.

२८ टनांची दहाचाकी, इंजिनचा टॉर्क ७०० न्यूटन-मीटर, असं धरून मी हिशोब मांडतो. थेट टॉप गिअरमध्ये ६० ला ६.१७ ची गाडी शंभर मीटरला साधारण १.७ मीटरचा चढ गिअर न उतरवता ओढते. ५.२९ ची १.३ मीटर. हा फरक सोसण्यासारखा आहे. खरा प्रश्न आहे लोडमध्ये, वळणावर, थांबलेल्या जागेवरून गाडी उचलण्याचा. पहिला गिअर ९ च्या आसपासचा असेल तर कागदावर २२ टक्क्यांच्या चढाची ताकद १९ वर येते, म्हणजे अजूनही पुरेशी आहे. पण सहा गिअरच्या बॉक्सचा पहिला ६.५ च्या जवळ असेल तर १६ ची साडेतेरा होते. क्लच सोडताना इंजिन कमी आरपीएमवर असतं आणि पूर्ण टॉर्क देत नाही, त्यामुळे रस्त्यावर याहूनही कमी मिळते. कसाऱ्यात किंवा कन्नडच्या घाटात ट्रॅफिक जॅममध्ये चढावर चार-पाच वेळा गाडी उचलावी लागली की क्लचचा वास येतो, तो इथून.

म्हणून मार्ग बघून ठरवा, आणि माल कुठल्या दिशेने जातो तेही बघा. नाशिकहून कांदा मुंबईला नेणारी गाडी घाटात लोडसह उतरते आणि परतीला रिकामी चढते, तिला चढाची अडचण कमी. बंदरातून माल घेऊन वर येणाऱ्या गाडीचं बरोबर उलट. समृद्धीवरून जाणाऱ्यांना इगतपुरीचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा मिळाल्यामुळे जुना कसारा घाट टळतो, त्यांचं गणित वेगळं. पण पुढच्या वर्षी तीच गाडी कोकणात आंबा घाटाने जाणार असेल तर ते आज लक्षात ठेवा.

उतरणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला एक गोष्ट माहीत नसेल तर ती जिवावर बेतू शकते. रेशो खाली आणला की इंजिनचा आणि एक्झॉस्ट ब्रेकचा आधारही तेवढाच घटतो. आधी ज्या गिअरमध्ये बोरघाट उतरायचा, त्याच गिअरमध्ये आता गाडी जास्त पळेल, पाय सर्व्हिस ब्रेकवर जास्त राहील आणि ड्रम तापतील. एक गिअर खाली टाकून उतरायचं, आणि तो गिअर घाट सुरू व्हायच्या आधीच टाकायचा. गाडी नवीन ड्रायव्हरच्या हातात देताना हे दरवेळी सांगा.

घाट आणि हायवे दोन्ही रोजचे असतील तर एक्सलला हात न लावता ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स बसवणं मला जास्त पटतं. पहिल्या गिअरची ओढ शाबूत राहते आणि टॉपमध्ये इंजिन खाली येतं. खर्च मात्र वाढतो. शाफ्टची लांबी, माउंटिंग, क्लच, गिअर लिव्हरची केबल, सगळं जुळवावं लागतं. त्याच कंपनीच्या त्याच चॅसिसवर कारखान्यातून तो बॉक्स येत असेल तरच हे करा, जुगाड करून नाही.

मोठे टायर टाकून रेशो खाली आणायचा मार्ग मी सुचवत नाही. १०.०० वरून ११.०० वर गेलात तरी फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. टायरचा आकार वाहनाच्या नोंदणीत लिहिलेला असतो, पासिंगला अडवतील, आणि जोडचाकांमध्ये पुरेशी फट न राहिल्याने साइडवॉल घासून टायर फुटू शकतात.

एक्सल उघडताना

मागे दोन चालणारे एक्सल असतील, म्हणजे शाफ्ट एका एक्सलमधून पुढच्यात जात असेल, तर दोन्हींचा रेशो एकदमच बदलायचा. एकाच एक्सलमध्ये नवीन सेट टाकला तर मधला डिफरन्शियल (दोन एक्सलच्या वेगातला फरक सोसणारा गिअरांचा संच) सतत फिरत राहून जळतो. लिफ्ट एक्सलवाल्या (रिकामं असताना उचलता येणारा एक्सल असलेल्या) दहाचाकीत चालणारा एक्सल एकच असतो, तिथे हा प्रश्न नाही. काही जड टिपरच्या चाकातच गिअर असतात, म्हणजे हब रिडक्शन. तिथे एकूण रेशो दोन ठिकाणी विभागलेला असतो, नुसता क्राउन बदलून हवा तो आकडा मिळेलच असं नाही. अशी गाडी हायवेला लावण्यापेक्षा विकून हायवेची घेतलेली परवडते.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, दोघांवर एकच जोडीचा नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही घेऊ नका, कितीही नवा दिसला तरी. काही एक्सलमध्ये रेशो बदलला की डिफरन्शियलचा केजही (क्राउन ज्यावर बसतो ते कवच) बदलावा लागतो, ते आधी पार्ट नंबरवरून तपासा. भंगारातून घ्यायचंच असेल तर तशाच गाडीची पूर्ण डिफरन्शियल असेंब्ली घ्या आणि उघडून दाते बघा. कड तुटलेली, खड्डे पडलेले, उष्णतेने निळसर झालेले दाते असतील तर परत द्या.

बेअरिंग आणि सील नवीन. पिनियनचा शिम (जागा जुळवायची पातळ चकती), बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाचा ताण) आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) मॅन्युअलप्रमाणे, डायल गेज लावून. बॅकलॅश बहुतेक ट्रक एक्सलमध्ये मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांचा असतो, तो हाताने हलवून अंदाजाने सांगणाऱ्या मिस्त्रीला हे काम देऊ नका. मार्किंग पेस्ट लावून दात्यांचा ठसा बघायचा. तो दात्याच्या मधोमध हवा, टोकाला किंवा मुळाशी नाही. हा ठसा मालकाने स्वतः उभं राहून पाहावा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवावा. ऑइल जीएल-५ दर्जाचं आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. पहिली फेरी रिकामी किंवा अर्ध्या लोडने, आणि सुमारे हजार किलोमीटरला ऑइल बदला, त्यात बारीक चुरा निघतो.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज आला आणि सोडल्यावर गेला, किंवा याच्या उलट झालं, तर ठसा चुकला आहे. "चालून चालून बसेल" असं सांगतात. बसत नाही, दाते खातं. परत उघडून घ्या.

बदलल्यावर ॲव्हरेज "कमी" झालं

बदल केल्यावर हमखास येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक वेळा गाडी निर्दोष असते.

बऱ्याच ट्रकमध्ये वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो. तो शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. ३७/६ काढून ३७/७ टाकला की शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी सात षष्ठांश अंतर जाते. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ७० ने पळत असते. मीटर ६०० किलोमीटर दाखवतं तेव्हा रस्ता ७०० चा झालेला असतो.

आता ॲव्हरेज बघा. समजा आधी ७०० किलोमीटरला १७५ लिटर लागत होते, म्हणजे ४. आता १६६ लिटर लागले. खरं ॲव्हरेज ४.२२ झालं. पण मीटरवरचे ६०० भागिले १६६ केले तर ३.६१ येतं, आणि मालक मिस्त्रीशी भांडायला येतो. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून किंवा जीपीएसवरून अंतर घ्या, टाकी दोन्ही वेळेस त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरा, आणि मग भागाकार करा.

पैशापेक्षा मोठा धोका वेगाच्या मर्यादेचा आहे. मालवाहू गाडीचा स्पीड गव्हर्नर ८० ला बांधलेला असतो, डंपर आणि टँकरसाठी ६० ला. गव्हर्नर त्याच सेन्सरवर चालत असेल तर ८० ची मर्यादा प्रत्यक्षात ९३ होते. ड्रायव्हरला वाटतं तो मर्यादेत आहे, कॅमेऱ्याला तसं वाटत नाही, आणि ब्रेक लागायला लागणारं अंतरही तसं मानत नाही. म्हणून एक्सल बंद केल्यावर गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी मीटर आणि गव्हर्नर पुन्हा जुळवून घ्या. इलेक्ट्रॉनिक इंजिनच्या गाडीत अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप लावून ईसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) नवीन एक्सल रेशो भरावा लागतो. ते त्यांना करता येईल का, हे क्राउन विकत घेण्याआधी विचारा. ऑटोमेटेड गिअरबॉक्स असेल तर हे न केल्यास गिअर चुकीच्या वेळी पडतात आणि चढावर गाडी वर-खाली गिअर शोधत बसते. एबीएसचे सेन्सर चाकावर असल्याने ते स्वतः ठीक चालतात, पण चाकाचा आणि शाफ्टचा वेग जुळेनासा झाला की डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो. तो दिवा टेप लावून झाकू नका.

टिपरची बॉडी काढून मालाची बांधली असेल तर तो बदल आधी आरटीओत नोंदवून घ्या. वॉरंटीतली गाडी असेल तर हात लावू नका, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

परवडतं का

महिन्याला १०,००० किलोमीटर आणि ४ चं ॲव्हरेज धरलं तर २,५०० लिटर जातात. पाच टक्के वाचले तर १२५ लिटर, डिझेल ९० रुपये धरून ११,२५० रुपये. तुमच्या गाडीच्या सेटचा, बेअरिंगचा, मजुरीचा आणि गाडी उभी राहिल्याच्या दिवसांचा खर्च या आकड्याने भागा, किती महिन्यांत निघतो ते कळेल. महिन्याला ४,००० किलोमीटर चालणाऱ्या, त्यातले निम्मे गावातल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी हे काम करायला सांगत नाही. तिला टायरची हवा, ब्रेकचं ॲडजस्टमेंट आणि ६० चा वेग पुरेसा आहे.

कोणाला आपल्या गाडीचा हिशोब तपासून हवा असेल तर हाउसिंगवरचे दाते, गिअरबॉक्सचा पहिला आणि टॉप रेशो, टायरचा आकार, इंजिनचा टॉर्क किती आरपीएमला मिळतो, लोडमध्ये गाडी खरोखर किती वेगाने चालते आणि वाटेत कोणते घाट लागतात, एवढं लिहा. नुसतं "गाडी ओरडते" यावरून रेशो सांगता येत नाही.